खालच्या आळीचे कपडे

तिला तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठीमागे मोजपट्टी. हे तिला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. कपड्यांच्या कारखान्यात तिनं छत्तीस वर्षं कटिंग केलं होतं. टेबलावर कापडाचे चाळीस थर अंथरायचे, वर खडूनं आखायचं आणि कटर असा फिरवायचा की पहिल्या शर्टाची बाही आणि चाळिसाव्या शर्टाची बाही यांत सुताचाही फरक पडता कामा नये. माणूस दारातून आत आला की नाव विचारायच्या आधी त्याची छाती आणि कंबर तिच्या डोक्यात नोंदली जायची. निवृत्त होऊन वर्ष उलटलं तरी ही सवय सुटली नव्हती. जित्याची खोड म्हणतात ती अशी.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर मंगळवारी दुपारी सात-आठ बायका गोधड्या शिवायला जमत. मोजपट्टी तिथे गेली ती वेळ घालवायला, आणि दोन महिन्यांत तिथली मुकादम होऊन बसली. टाका वाकडा पडला की ती काही बोलायची नाही. नुसती बघायची. बघितल्यावर शिवणारीच उसवायला घ्यायची.

ग्रंथपाल तिशीतली, उत्साही मुलगी होती. एका मंगळवारी ती खोलीत आली आणि म्हणाली, "ताई, नव्या इमारतीत वाचनकक्षाची एक अख्खी भिंत रिकामी आहे. तिथे गोधडी लावायची आहे."

"भिंतीला गोधडी कशाला? भिंतीला काय थंडी वाजते?"

बायका हसल्या, पण ग्रंथपाल मागे हटली नाही. गावाचा नकाशा गोधडीत शिवायचा, अशी तिची कल्पना होती. ज्या जागेचा चौकोन, त्याच जागेतलं कापड. आणि एक वही ठेवायची. ज्यानं कापड दिलं त्यानं त्या कापडाची गोष्ट वहीत सांगायची. "गावात सगळं बदलतंय," ती म्हणाली. "दहा वर्षांनी कोण सांगणार, कुठे काय होतं ते?"

शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या सरांनी खाकी कागदावर नकाशा काढून दिला. आडवे आठ, उभे सहा, असे अठ्ठेचाळीस चौकोन. मंगळवारच्या खोलीत येणारा हा एकमेव पुरुष. त्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता, पण सल्ले मुबलक देता येत होते.

कापडं यायला लागली. जमणाऱ्या बायकांतल्या नर्सनं जुन्या प्रसूतिगृहाचा निळा पडदा आणला. "या पडद्यामागे अर्धं गाव जन्माला आलंय," तिनं वहीसाठी सांगितलं, आणि सरांकडे बघून म्हणाली, "तुम्हीसुद्धा. वजन कमी भरलं होतं तुमचं, आई सांगायची माझी, तिथेच होती ती कामाला." टपालखात्यातून निवृत्त झालेल्या बाईनं आपल्या कॅनव्हासच्या पिशवीचा तुकडा दिला, त्याच्यावर कुत्र्याच्या दातांची खूण होती. बंद पडलेल्या थिएटरच्या खुर्चीचं लाल मखमली कव्हर आलं, त्यातून एक खिळाही निघाला. मोजपट्टी सगळं धुऊन, इस्त्री करून, आखून कापायची आणि वहीत सगळ्यांच्या गोष्टी आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहायची.

नदीकाठच्या बागेचा चौकोन मात्र तिनं पहिल्याच दिवशी स्वतःकडे घेतला होता. "बाग मी करते," असं ती इतक्या लगेच म्हणाली की सर चमकले. पण मोजपट्टीला कोण विचारणार? माळीदादांचा हिरवा एप्रन मिळवून तिनं तो चौकोन महिन्याभरात पुरा केला. पाकळ्या-बिकळ्या काही नाहीत, नुसतं हिरवं.

पाचव्या महिन्यात, गोधडी पाऊण जोडून झाली होती तेव्हा, खोलीचं दार ढकलून लाँड्रीवाली आत आली.

तिला ओळखत नाही असं गावात कोणी नव्हतं. वरच्या रस्त्याच्या वळणावर, बाग सुरू होते तिथे, तिची लाँड्री होती; आता बंद होती. वय चौऱ्याहत्तर, पाठ ताठ, आवाज खणखणीत. मुलं तिला भोंगा म्हणत. तीन पिढ्यांची मुलं. "भोंगा वाजला का?" असं ओरडायचं आणि पळायचं, मागून हँगर येई.

त्याचं कारण असं. बागेच्या जागी पूर्वी खालची आळी होती. चाळीस वर्षांपूर्वी चार दिवस पाऊस लागला, वरचं धरण भरलं आणि एका रविवारी दुपारी त्याचा दरवाजा उघडावा लागला. खालची आळी वाहून गेली. सदतीस माणसं गेली. चौकशी झाली. अहवालात आलं की दरवाजा उघडायच्या अर्धा तास आधी नियमाप्रमाणे भोंगा वाजवला होता; जेवून झोपलेल्या लोकांनी तो मनावर घेतला नाही. थोडक्यात, आपल्या मरणाला तेच कारण. गावानं ते मानलं. मेलेली माणसं वाद घालायला येत नाहीत.

एकटी लाँड्रीवाली म्हणत राहिली की भोंगा वाजलाच नाही. चौकशीत म्हणाली, कचेरीत म्हणाली, वर्तमानपत्रवाल्यांना म्हणाली, शेवटी गिऱ्हाइकांना म्हणत राहिली. शर्ट न्यायला जाणाऱ्याला शर्टाबरोबर भोंग्याची गोष्टही घरी न्यावी लागे. हळूहळू लोक हसायला लागले. चौकशीवाल्यांनी तिच्या जबानीखाली लिहिलं होतं: साक्षीदार कामात असल्यामुळे तिचं लक्ष गेलं नसावं.

तर ती आत आली, तिनं काखेतलं गाठोडं टेबलावर ठेवलं आणि गाठ सोडली. आत कागदात बांधलेल्या अकरा पुड्या होत्या, एका घराची एक, प्रत्येकीवर दोरा.

"खालच्या आळीचे कपडे," ती म्हणाली. "शनिवारी धुवायला आले होते. सोमवारी न्यायचे होते."

नर्सनं हातातली सुई खाली ठेवली.

"गिऱ्हाइकाचा कपडा फेकायचा नसतो. दर वर्षी काढते, धुते, ऊन देते, इस्त्री करून परत बांधते. आता हात थरथरतात. गेल्या वर्षी एका कॉलरला चटका बसला माझ्याकडून. म्हटलं, पुरे आता. माझ्यामागे यांना इस्त्री कोण करणार?" तिनं भिंतीवर टाचलेल्या गोधडीकडे पाहिलं. नकाशा वाचायला तिला वेळ लागला नाही. "आळी कुठाय?"

"मावशी, नकाशा आजचा आहे ना," सर समजुतीच्या स्वरात म्हणाले. "तिथे आता बाग आहे."

"थिएटरही बंद पडलंय की. ते बरं आहे नकाशात."

ग्रंथपालनं मोजपट्टीकडे बघितलं. "ताई, तो चौकोन तुमचा आहे. तुम्हीच सांगा."

मोजपट्टीनं एका पुडीचा दोरा बोटांनी चाचपला. "बघते," ती म्हणाली. "कापड फार जुनं आहे. शिवण धरेल की नाही, बघावं लागेल."

"धरेल," लाँड्रीवाली म्हणाली. "मी धुतलंय ते." आणि गाठोडं तिथेच सोडून निघून गेली.

मोजपट्टीनं ते घरी नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाचं टेबल पुसून, कोरडं करून, तिनं एकेक पुडी सोडली. आतल्या कपड्यांना साबणाचा आणि इस्त्रीचा वास होता. काल गिऱ्हाइकानं टाकलेले आणि आज तयार झालेले असावेत, तसे होते ते. प्रत्येकावर, कॉलरच्या किंवा कमरेच्या आतल्या बाजूला, काळ्या शाईची खूण, घरागणिक वेगळी. कुठे दोन ठिपके आणि आडवी रेघ, कुठे त्रिकोण, कुठे तीन फुल्या.

तिनं शिवण धरते का ते बघायचं म्हणून हात लावला. पण हात कटरचा होता, तो आपल्या सवयीनं भलतंच मोजायला लागला. हा शर्ट छाती अडतीस, डावा खांदा विरलेला: हा माणूस डाव्या खांद्यावर ओझं वाहायचा. ही चड्डी सात वर्षांच्या मुलाची, खालची दुमड दोनदा सोडलेली: मुलगा भराभर वाढत होता आणि आई काटकसरी होती. हा झगा पुढून सैल करून घेतलेला, नवा टाका, घाईचा: पाचवा महिना असेल, फार तर सहावा. मोजपट्टी खुर्चीत बसली. अहवालात सदतीस हा आकडा होता. पोटातलं मूल त्या सदतिसात धरलेलं नव्हतं.

आता तिला जे ठाऊक होतं ते सांगायला हवं.

धरणाचा दरवाजा चालवणारा माणूस म्हणजे मोजपट्टीचे वडील. त्या रविवारी त्यांना घरी जेवायला येता आलं नाही, म्हणून ती डबा घेऊन धरणावरच्या खोलीत गेली होती. एकोणीस वर्षांची होती. ती डबा उघडत होती तेव्हाच फोन वाजला. वडील उभे राहून बोलले. "हो साहेब... खालची माणसं निघाली का साहेब?... बरं. बरं." फोन ठेवला आणि भोंग्याचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. परत दाबलं. भोंग्याची मोटर जळलेली होती. तसं पत्र त्यांनी आधी तीनदा पाठवलं होतं. ती म्हणाली, "बाबा, मी पळत जाऊन सांगून येऊ का?" ते म्हणाले, "निघालेत म्हणे सगळे. साहेबांनी सांगितलं. आणि वेळही नाही." पळत गेलं तर वीस मिनिटांचा रस्ता होता. उतार होता. वडिलांनी थोडा वेळ वाट पाहिली, दुसऱ्यांदा फोन वाजला, मग दरवाजाच्या चक्राला हात घातला. ती दारात उभी होती. दारातच उभी राहिली.

महिन्याभरानं कोणीतरी एक टाइप केलेला कागद घरी आणला. भोंगा वाजवला होता, असं त्यात होतं. वडिलांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला आणि सही केली. त्यानंतर अकरा वर्षं ते जगले. बागेवरून जायचा रस्ता जवळचा होता, तरी लांबून जायचे.

मोजपट्टीचा धाकटा भाऊ चष्म्याचं दुकान चालवायचा. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं, म्हणून ती तेव्हा गेली आणि सगळं सांगितलं. त्याला निम्मं माहीत होतं. निम्मं माहीत करून घ्यायचं त्यानं टाळलं होतं.

"बाबांना जाऊन एकोणतीस वर्षं झाली," तो म्हणाला. "आता हे उकरून कोणाला काय मिळणार आहे, ताई?"

"लाँड्रीवालीला मिळेल."

"काय मिळेल?"

"तिचे कान."

तो काच पुसत राहिला. पुसलेलीच काच. "बाबांनी कोणाला बुडवलं नाही. फोनवर सांगितलं तसं केलं त्यांनी."

"आणि सही?"

"आपण दोघं शाळा-कॉलेजात होतो. नोकरी गेली असती तर?" तो वर बघून म्हणाला, "आपलेच दात आणि आपलेच ओठ, ताई."

"आपलेच आहेत. म्हणून तर चाळीस वर्षं तोंड मिटलेलं आहे."

"मग अजून मिटून ठेव. तू सांगितलंस तर मला या दुकानात बसावं लागेल रोज. लोकांच्या डोळ्यांत बघायचा धंदा आहे माझा."

तिला त्याचा राग आला नाही. तो चुकीचं बोलत नव्हता. घरी येताना तिला वाटत होतं की तोही खरा, आपणही खरे. पण दोन खऱ्या गोष्टींत लाँड्रीवालीनं हँगर फेकत म्हातारं का व्हावं?

सोमवारी सकाळी ती लाँड्रीवालीकडे गेली. बंद दुकानामागच्या दोन खोल्या, एका खोलीत अजून इस्त्रीचं लांब टेबल. त्याच्यावरची चादर पिवळी पडली होती आणि जळक्या खुणांनी भरली होती. लाँड्रीवाली भाजी निवडत बसली होती. "काय, धरते का शिवण?" तिनं विचारलं.

"धरते," मोजपट्टी म्हणाली. "मावशी, भोंगा वाजला नव्हता."

लाँड्रीवालीचा हात थांबला.

मोजपट्टीनं उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. डबा, फोन, बटण, चक्र, टाइप केलेला कागद. सांगताना तिनं वडिलांची बाजू घेतली नाही आणि स्वतःचीही घेतली नाही. मापं सांगावीत तसं सांगितलं, कारण दुसऱ्या कुठल्या स्वरात तिला ते जमलं नसतं.

हातातली जुडी खाली ठेवून लाँड्रीवालीनं विचारलं, "किती वर्षांची होतीस?"

"एकोणीस."

"पळता येत होतं?"

"येत होतं."

लाँड्रीवालीनं मान हलवली. नंतर उठून नळ सोडला, भाजी धुतली, पाणी निथळू दिलं. "माझी थोरली बहीण होती तिथे," ती पाठमोरीच म्हणाली. "तिसरं घर. तिच्या उशीचे अभ्रे आहेत त्यात, तीन फुल्यांची खूण. तुला पुडी सोडताना वाटलं असेल, कोण ही, साधे अभ्रेसुद्धा बाहेर धुवायला देणारी. मीच ओढून न्यायचे तिच्याकडून. तिच्या हाताला साबण सोसायचा नाही."

"मला क्षमा करा" हे मोजपट्टीच्या ओठांवर आलं होतं, पण ते इतकं लहान वाटलं की तिनं गिळून टाकलं.

"मला कशाला सांगायला आलीस?" लाँड्रीवाली एकदम वळून म्हणाली. "मला तर माहीतच होतं! चाळीस वर्षं माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना जाऊन सांग. आणि माझ्याशी गोड बोलायला येत जाऊ नकोस. मला जमायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. मोजपट्टी सगळ्या जमेपर्यंत थांबली. मग तिनं भिंतीवरची गोधडी सरांच्या मदतीनं खाली उतरवली, टेबलावर पसरली आणि बागेच्या चौकोनाशी बसून सांगितलं. तीच हकीकत, तेच शब्द.

नर्सनं डोक्याला हात लावला. सर म्हणाले, "अहो, पण अहवालात..." आणि तिथेच थांबले. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे त्यांनीच शाळेच्या फळ्यावर शंभर वेळा सुंदर अक्षरात लिहिलेलं वाक्य असणार. टपालवाली बाई मात्र खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "माझा मुलगाही ओरडायचा तिला. भोंगा, भोंगा. आणि मी दारात उभी राहून हसायचे." तिला त्या दिवशी एकही टाका घालता आला नाही.

मोजपट्टीनं छोटी कात्री घेतली आणि उसवायला सुरुवात केली. आपलाच टाका उसवणं सगळ्यांत अवघड, कारण तो घट्ट होता. तीन थरांतून गेलेला बारीक धावदोरा, तांदळाच्या दाण्याएवढा एकेक. ओढून चालणार नव्हतं, अस्तर फाटलं असतं. ती एकेक टाका कापत होती, नर्स चिमटीनं दोरा उचलत होती. थोड्या वेळानं ग्रंथपालही बाहेरचं टेबल सोडून त्यांच्याजवळ येऊन बसली. पाच वाजता हिरवं कापड सुटून हातात आलं. त्याखालचं अस्तर बाकी गोधडीपेक्षा पांढरं होतं.

पुढच्या मंगळवारी लाँड्रीवाली आली, कोणी न बोलावता. मोजपट्टीनं अकरा घरांचे अकरा तुकडे कापून ठेवले होते, प्रत्येकाची काळी खूण वरच्या बाजूला येईल असे. एरवी खूण आत लपवतात. लाँड्रीवालीनं ते बघितलं आणि खुर्ची ओढून बसली. पण तुकडे ओळीनं मांडायला लागल्यावर तिला राहवेना. "हे इथे नाही. हे नदीच्या बाजूला. आणि हे दोन शेजारी नका ठेवू गं, त्यांचं पटायचं नाही!"

"पण घरं शेजारी होती ना, मावशी?" नर्सनं विचारलं.

"होती. म्हणूनच पटायचं नाही."

मग आळीचे अकरा तुकडे जिथे घरं होती तिथेच बसले, भांडणारे दोघं खांद्याला खांदा लावून. हिरव्या कापडाची मोजपट्टीनं बारीक पट्टी कापली आणि आळीच्या कडेनं लावली. बागही होतीच, ती नाही कशी म्हणणार? वहीत त्या चौकोनापुढे तिनं लिहिलं: हे खालच्या आळीतल्या अकरा घरांचे कपडे आहेत. ते लाँड्रीवालीबाईंनी चाळीस वर्षं सांभाळले. दरवाजा उघडण्यापूर्वी भोंगा वाजला नव्हता. मी तिथे होते.

यावरून व्हायचं ते झालं. वाचनालय समितीच्या अध्यक्षांनी शेवटची दोन वाक्यं काढायला सांगितली. चौकशीचा निकाल वेगळा आहे, वाचनालय कोणाची बाजू घेत नाही, असं त्यांचं म्हणणं. ग्रंथपाल एवढीशी मुलगी, नोकरी अजून कायम झालेली नव्हती. ती म्हणाली, "ज्यानं त्यानं आपल्या कापडाची गोष्ट सांगितली आहे. नर्सताईंनी सरांचं वजन सांगितलं, तेव्हा आपण पुरावा मागितला नाही." शेवटी असं ठरलं की वाक्यं राहतील, पण खाली पूर्ण नाव, सही आणि तारीख हवी. अध्यक्षांना वाटलं असावं की एवढं म्हटल्यावर बाई माघार घेतील. मोजपट्टीनं तिथल्या तिथे पेन मागितलं.

काहींनी तिच्याशी बोलणं टाकलं. एका जुन्या शेजाऱ्यानं रस्त्यात अडवून विचारलं की वडिलांना असं चव्हाट्यावर आणताना काही वाटलं नाही का. "वाटलं," ती म्हणाली, आणि त्याला ते पुरेना. भाऊ गोधडी लावली त्या दिवशी आला, मागे उभा राहिला आणि चहाच्या आधी निघून गेला. नंतर तीन महिने तो आला नाही, ती गेली नाही. मग तिचा चष्मा फुटला. गावात दुसरं दुकान होतं, पण ती त्याच्याकडेच गेली. त्यानं तिला खुर्चीत बसवलं, डोळ्यांपुढे भिंगं बदलली, "खालची ओळ वाच," म्हणाला. तिनं वाचली. नंबर लिहून झाल्यावर, मान वर न करता त्यानं विचारलं, "बाबांनी त्या दिवशी डबा खाल्ला होता का गं?"

"नाही."

त्यानं मान हलवली. "शनिवारी मिळेल चष्मा," म्हणाला.

आणि लाँड्रीवाली? कोणी तिचा सत्कार केला नाही. वर्तमानपत्रात एक लहानशी बातमी आली, एवढंच. पण टपालवाली बाई आपल्या चाळिशी ओलांडलेल्या मुलाला धरून तिच्या दारात घेऊन गेली, असं म्हणतात. हँगर फेकून मारण्याची वेळ मात्र पुन्हा आली नाही.

ती मंगळवारी यायला लागली. मोजपट्टीच्या शेजारी बसायची नाही, समोर बसायची. मोजपट्टीशी तिचं बोलणं दोरा दे, कात्री सरकव, इतपतच. मोजपट्टी त्याहून जास्त मागत नव्हती. पण हळूहळू एक गोष्ट तिच्या लक्षात आली. लाँड्रीवाली आता भोंग्याचं नावही काढत नव्हती. चाळीस वर्षं तिला खालची आळी कशी मेली हेच सांगावं लागलं होतं. ती कशी जगत होती हे सांगायला सवडच मिळाली नव्हती. ते आता एकेक करून बाहेर येत होतं, कधी शिवताना, कधी सुई शोधताना, ध्यानीमनी नसताना. ऐकून घेता घेता मोजपट्टीनं ते वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहायला घेतलं.

"ते दोन ठिपके आणि आडवी रेघ," एका मंगळवारी लाँड्रीवाली सांगत होती, "तो बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. घरी सराव केला की आळी भांडायला उठायची. मग काय, पठ्ठ्या कपाटात तोंड घालून वाजवायचा! दार ओढून घ्यायचा आणि आत पों-पों. त्याची थुंकी सगळ्या कपड्यांवर. बायको बिचारी धुतलेले कपडेसुद्धा पुन्हा माझ्याकडे टाकायची. माझा निम्मा धंदा त्याच्या ट्रम्पेटवर चालला होता."

नर्स हसून हसून टेबलावर वाकली. सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. लाँड्रीवाली स्वतःही हसत होती. तिचे खालचे दोन दात पडलेले आहेत, हे त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांना दिसलं.

"जरा सावकाश, मावशी," मोजपट्टी लिहिता लिहिता म्हणाली.

लाँड्रीवालीनं टेबलावरून वाकून वहीत बघितलं. "ट्रम्पेट नीट लिही," ती म्हणाली. "त्याला पिपाणी म्हटलेलं खपायचं नाही."